क्लायंट वर्णद्वेषाबद्दल बोलायला लागतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळी अमेरिकेत काउन्सेलिंग शिकणाऱ्या आणि करणाऱ्या मराठी वाचकांची पत्रं बरीच आली, आणि सगळ्यांचा विषय फिरून फिरून एकाच जागी येतोय. वर्णद्वेषाचा अनुभव घेऊन आलेल्या माणसासमोर आपण नीट कसं बसायचं, आणि त्यात माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता आपल्या आत-बाहेर जे चाललंय त्याकडे सजगपणे बघण्याच्या सरावाचा, खरंच काही उपयोग होतो का. म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, मी काउन्सेलिंगचं मास्टर्स करतेय, सध्या प्रॅक्टिकम चालू आहे, म्हणजे सुपरव्हायजरच्या देखरेखीखाली खरे क्लायंट बघतेय. एक ब्लॅक क्लायंट सांगत होती की मीटिंगमध्ये ती मुद्दा मांडते तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही आणि दहा मिनिटांनी तोच मुद्दा दुसऱ्या कोणी मांडला की मॅनेजर वाहवा करतो, आणि हे तिच्या रंगामुळे होतंय याची तिला खात्री आहे. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "कदाचित त्याच्या लक्षात आलं नसेल." ती गप्पच झाली. मग उरलेला वेळ आम्ही तिच्या झोपेबद्दल बोललो. सुपरव्हायजर म्हणाल्या, तू त्या क्षणी माइंडफुल नव्हतीस. मान्य आहे, पण माइंडफुल असते तर नेमकं काय केलं असतं हे कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात श्वासाकडे लक्ष दे. सेशन चालू असताना मी श्वास बघू की क्लायंटचं ऐकू?

उत्तर : तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि सुपरव्हायजरनी खरं तर तिथेच थांबून तुला दाखवायला हवं होतं. ते वाक्य तुझ्या तोंडून का निघालं तिथून सुरुवात करू. समोरचं माणूस "माझ्या रंगामुळे" असं म्हणालं की ऐकणाऱ्याच्या अंगात काहीतरी होतंच, कोणाचा घसा कोरडा पडतो, कोणाचे खांदे वर चढतात, कोणाला वहीत काहीतरी लिहावंसं वाटायला लागतं, आणि बऱ्याच जणांना घाईघाईनं काहीतरी समजावून सांगावंसं वाटतं. ही अस्वस्थता नकोशी असते आणि ती घालवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे झालेल्या गोष्टीचा दुसरा, कमी त्रासदायक अर्थ सुचवणं. म्हणजे तू वाक्य तिला उद्देशून बोललीस पण त्यानं सुटका झाली ती तुझी, आणि तिला मात्र पुन्हा तेच मिळालं जे मीटिंगमध्ये मिळतं, की तू सांगतेस त्यावर आमचा विश्वास नाही.

हे काही तुझं एकटीचं नाहीये. हार्वर्डमधले ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी 1970 मध्येच अशा रोजच्या बारीक बारीक घावांना मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हटलं, आणि 2007 मध्ये डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रकार मांडले, त्यातला एक प्रकार हाच, समोरच्याचा अनुभव पुसून टाकणं. आणि त्यांनी हे मांडलं ते थेरपीच्या खोलीतली उदाहरणं घेऊनच. चांगल्या मनाच्या, शिकलेल्या, मदत करायला बसलेल्या माणसांकडून हे होतं, म्हणूनच त्याला ट्रेनिंग लागतं.

आता नेमकं काय करायचं. ती "माझ्या रंगामुळे" म्हणते, तुझ्या आत घाई सुरू होते. त्या वेळी पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू दे, एक श्वास पूर्ण बाहेर सोड, आणि आत जे चाललंय त्याला मनातल्या मनात साधं नाव दे, "घाई" किंवा "भीती" किंवा "मला हे नकोय". एवढंच. याला दोन-तीन सेकंद लागतात, क्लायंटला कळतही नाही, आणि तेवढ्या वेळात तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच थांबतं. श्वास बघत बसायचं नाहीये, श्वासाचा आधार घेऊन परत तिच्याकडे यायचंय. मग असं काहीतरी बोलता येतं, "तुम्ही मुद्दा मांडलात आणि खोलीत कोणीच काही बोललं नाही, तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?" किंवा नुसतं, "हे किती दिवसांपासून चाललंय?" बघ, यात तू काही निकाल दिला नाहीस, मॅनेजरची वकिलीही केली नाहीस, तिला बोलायला जागा दिलीस.

ही सवय मात्र सेशनमध्ये लागत नाही, ती आधी घरी लावावी लागते. रोज दहा-पंधरा मिनिटं ध्यानाला बसलीस आणि त्यात मन अवघड गोष्टीवरून कसं सटकतं हे बघितलंस की खोलीतलं सटकणं ओळखू यायला लागतं. शांत वाटलं की नाही हे मोजू नकोस. आपल्या कामासाठी बसण्याचा उपयोग एवढाच की अस्वस्थ वाटत असतानाही जागेवर राहता आलं पाहिजे.

पुढच्या सेशनचं बोलू, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. विषय तूच काढ, तिनं काढायची वाट बघू नकोस. "मागच्या वेळी तुम्ही ऑफिसचं सांगत होतात आणि मी मॅनेजरची बाजू घेतल्यासारखं बोलले, त्यानंतर तुम्ही थांबलात. ते माझं चुकलं. तुम्हाला त्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मला ऐकायचंय, नसेल तरी चालेल." इथे थांब. रडू नकोस, मी तशी नाहीये असं सांगू नकोस, मलाही या देशात त्रास होतो हे तर मुळीच काढू नकोस, कारण मग तिला उलट तुलाच सावरत बसावं लागतं आणि हे काम ती आधीच दिवसभर ऑफिसात करून आलेली असते. हे बोलताना तुझी छाती धडधडेल, ती धडधडू दे.

आणि एक गोष्ट जी फार कोणी सांगत नाही, सेशननंतरच्या नोट्स. लिहून झाल्यावर मिनिटभर थांब, मग परत वाच. "क्लायंट गार्डेड वाटली", "सूर आक्रमक", "सहकार्य नाही" असं काही लिहिलं असेल तर स्वतःला विचार की हीच वागणूक गोऱ्या क्लायंटची असती तर मी हेच लिहिलं असतं का. नोट्स पुढे जातात, दुसरा कोणी वाचतो, त्यावरून डायग्नोसिस ठरतं. अमेरिकेत या गोष्टीचा इतिहास वाईट आहे. 1851 मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामगिरीतून पळून जाणं हाच एक मानसिक आजार ठरवला होता, ड्रेपटोमॅनिया असं नावही दिलं होतं. 1968 साली, म्हणजे नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर असताना, मानसिक आजारांचं जे अधिकृत मॅन्युअल निघालं त्यात पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात रुग्ण शत्रुत्वानं आणि आक्रमकपणे वागतो असं घातलं गेलं, आणि ब्लॅक रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का गोऱ्यांपेक्षा जास्त बसतो हे त्यानंतर कितीतरी अभ्यासांत दिसत राहिलंय. 2021 च्या जानेवारीत अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं आपापल्या क्षेत्रातल्या वर्णद्वेषाबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणून तुझ्या वहीतला एक शब्दही हलका नाहीये. आपल्याला सगळ्यात जास्त जागं राहायचं असेल तर ते तिथे, कीबोर्डवर बोटं असताना.

प्रश्न : माइंडफुलनेसनं वर्णद्वेष कमी होतो याला काही पुरावा आहे का, की हे नुसतं आता सगळीकडे चालतंय म्हणून चालतंय? आमच्या क्लिनिकमध्ये एक दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि सर्टिफिकेट मिळालं.

उत्तर : पुरावा आहे पण त्याच्याकडून जेवढं मिळतं तेवढंच घ्या. 2015 मध्ये ल्यूक आणि गिब्सन या दोन संशोधकांनी गोऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांना माइंडफुलनेसचं फक्त 10 मिनिटांचं ऑडिओ ऐकवलं आणि नंतर त्यांची इम्प्लिसिट बायसची टेस्ट घेतली, तर वंश आणि वय या दोन्ही बाबतीतला नकळतचा पूर्वग्रह दुसरं ऑडिओ ऐकलेल्यांपेक्षा कमी दिसला. पुढच्या वर्षी त्यांनी समोरच्यावर विश्वास ठेवून त्याला किती पैसे देता हे बघणारा एक खेळ घेऊन वागण्यातही भेदभाव कमी दिसतो असं दाखवलं. हे छान आहे, पण हे ऑडिओ ऐकल्यानंतर लगेचचं मोजमाप आहे, वर्षभरानंतरचं नाही, आणि ते विद्यार्थी होते, थकलेले, दिवसाला सात क्लायंट बघणारे थेरपिस्ट नव्हते. शिवाय 2019 मध्ये 492 अभ्यास एकत्र करून बघितले गेले तेव्हा असं दिसलं की टेस्टमधला नकळतचा बायस थोडाफार हलवता येतो पण तो हलला म्हणून माणसाचं वागणं बदलतंच असं नाही.

म्हणून एक दिवसाच्या ट्रेनिंगवर माझा फार भरवसा नाही. मी तुमच्या क्लिनिकमध्ये असते तर वेगळं काहीतरी विचारलं असतं. फोनवर नवीन पेशंटला अपॉइंटमेंट कोणाला मिळते आणि कोणाला नाही? 2016 मध्ये हेदर कुगलमास यांचा एक अभ्यास आला, न्यूयॉर्कमधल्या 320 थेरपिस्टना व्हॉइसमेल पाठवले होते, मजकूर साधारण तोच, इन्शुरन्स तोच, फक्त नाव आणि बोलण्याची ढब यावरून बोलणारा ब्लॅक की गोरा, मध्यमवर्गीय की कामगारवर्गातला हे कळत होतं. मध्यमवर्गीय ब्लॅक आवाजांना मध्यमवर्गीय गोऱ्या आवाजांपेक्षा कमी वेळा अपॉइंटमेंट मिळाली, आणि कामगारवर्गातल्या सगळ्यांचेच हाल वाईट. म्हणजे माणूस खोलीत यायच्या आधीच गाळला जातो, मग आत आपण कितीही सजग बसलो तरी त्याला काय फायदा. तर रोजचा सराव चालू ठेवा, आणि त्याच्या जोडीला वेटिंग लिस्ट काढून बघा, सेशन मध्येच सोडून गेलेले क्लायंट कोण आहेत ते बघा, आणि जे दिसेल ते स्टाफ मीटिंगमध्ये मांडा. मांडताना हात थरथरले तर सराव कामाला येईल तो तिथे.

प्रश्न : ध्यान ही आतली गोष्ट आहे. त्याला सामाजिक न्यायाच्या राजकारणात ओढलं की त्यातली शांतता जाते असं माझ्या विपश्यना करणाऱ्या मित्राचं म्हणणं आहे. तुमचं मत?

उत्तर : तुमच्या मित्राच्या साधनेबद्दल मला आदर आहे, पण हे म्हणणं मला पटत नाही आणि मराठी माणसाला तर ते पटायलाच नको. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला तेव्हा दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये सगळी माणसं समान आहेत असं मानण्याची एक प्रतिज्ञा आहे आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची त्यापुढची वेगळी प्रतिज्ञा आहे. मानणं झालं की काम संपलं असं त्यांनी धरलं नाही. तिकडे व्हिएतनामचे भिक्खू तिक न्यात हान्ह युद्धाच्या काळात गावोगाव मदतीचं काम करत होते, 1966 मध्ये ते मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले आणि 1967 च्या जानेवारीत किंग यांनी त्यांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. हॉस्पिटलमधला आजचा माइंडफुलनेस आला तो त्यानंतर, जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये दुखण्यानं आणि ताणानं त्रासलेल्या पेशंटसाठी तो सुरू केला, आणि तिथून पुढे तो बऱ्याचदा एकट्या माणसाचा ताण कमी करण्यापुरता उरला.

जॉन वेलवुड या थेरपिस्टनी 1984 मध्ये स्पिरिच्युअल बायपासिंग असा शब्द वापरला, साधनेच्या आडून आयुष्यातले अवघड प्रश्न टाळणं. वर्णद्वेषाच्या बाबतीत हे फार सहज होतं, "मी सगळ्यांकडे सारखंच बघतो, मला रंग दिसतच नाही" हे वाक्य ध्यान करणाऱ्यांकडून मी बरेचदा ऐकते. ज्याला रंगामुळे पोलिसांनी गाडी थांबवून खाली उतरवलंय त्या क्लायंटला असं वाक्य म्हणजे दार बंद. 2015 मध्ये अमेरिकेतल्या काउन्सेलिंग व्यवसायानं बहुसांस्कृतिक आणि सामाजिक न्यायाच्या कौशल्यांचा जो आराखडा मान्य केला त्यात सुरुवात काउन्सेलरच्या आत्मभानापासून होते, मग क्लायंटचं जग, मग दोघांचं नातं, आणि शेवटी प्रत्यक्ष काम आणि क्लायंटसाठी बाहेर आवाज उठवणं. ध्यान पहिल्या पायरीला मदत करतं. पुढच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं कोणत्या परंपरेनं सांगितलंय?

प्रश्न : मी काउन्सेलर नाही, मी क्लायंट आहे. आयटीत आहे. टीम लीड सगळ्यांसमोर माझ्या अ‍ॅक्सेंटची नक्कल करतो, दोनदा म्हणालाय "तुम्ही लोक". एचआरला सांगितलं तर त्यांनी वेलनेस प्रोग्रॅममधलं मेडिटेशन अ‍ॅप फ्री करून दिलं. थेरपिस्ट पण म्हणतात की बॉडी स्कॅन करा, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेत जा, प्रतिक्रिया देऊ नका. मला डोळे मिटले की तीच मीटिंग दिसते आणि राग अजून वाढतो. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही, तुमचं काही चुकत नाहीये. तुमचा राग बरोबर जागी आहे. एचआरनं तुमची तक्रार तुमच्या ताणात बदलून टाकली, आता प्रश्न टीम लीडचा राहिलाच नाही, तुमच्या मज्जासंस्थेचा झाला, हे चूकच आहे.

डोळे मिटून त्रास वाढत असेल तर डोळे मिटू नका. ज्यांच्या अंगात धक्का बसलेला आहे त्यांना आत लक्ष नेलं की तोच प्रसंग परत अंगावर येतो हे थेरपिस्टना माहीत असायला हवं. डोळे उघडे ठेवा, खोलीतला एखादा आवाज ऐका, हात टेबलावर दाबा, चालत करा, आणि नको वाटलं त्या दिवशी करूच नका. थेरपिस्टना हे आहे तसं सांगा, आणि हेही सांगा की तुम्हाला प्रतिक्रिया कमी करायची नाहीये, ती नीट द्यायची आहे. त्यावर ते कसे वागतात ते बघा, त्यातूनच कळेल इथे राहायचं की थेरपिस्ट बदलायचा.

मीटिंग संपली की पहिली पाच मिनिटं कोणाशी बोलू नका, पायऱ्या उतरून खाली जा, श्वास खाली येऊ दे, आणि मग लगेच लिहून काढा, तारीख, वेळ, त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे, खोलीत कोण कोण होतं. हे ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, स्वतःकडे ठेवा. एचआरशी पुढचं बोलणं ईमेलवर करा आणि त्याची एक प्रत जपून ठेवा. 1964 च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सेव्हन वंश, रंग आणि मूळ देश यावरून नोकरीत होणाऱ्या भेदभावाला लागू होतं, 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना. ईईओसी या सरकारी आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून 180 दिवस असतात, बऱ्याच राज्यांत तिथलीही यंत्रणा असल्यामुळे 300 दिवस. तुम्ही व्हिसावर असलात तरी हा कायदा तुम्हाला लागू होतो, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं हेही बेकायदा आहे. तरी व्हिसाची भीती खरी असते, म्हणून पाऊल टाकण्याआधी एम्प्लॉयमेंटच्या वकिलाशी एकदा बोला. तक्रार करायची नाही असं ठरवलंत तरी तो तुमचा निर्णय असू दे, अ‍ॅपचा नको.

प्रश्न : मी इथे लायसन्स्ड काउन्सेलर आहे, भारतीय क्लायंट बरेच येतात. एक तरुण मुलगा पहिल्या सेशनला आला, मी सहज विचारलं, आडनाव काय, मूळचे कुठले. तो दोन सेशननंतर आलाच नाही. नंतर एका कलीगकडून कळलं की तो दलित आहे आणि अमेरिकेतही भारतीयांच्या ग्रुपमध्ये त्याला बाजूला टाकलं होतं. वर्णद्वेषाचं सगळं ट्रेनिंग मी केलंय. हे त्यातच येतं का?

उत्तर : येतं. आणि हे आपल्याला जास्त जवळून बघावं लागेल, कारण गोऱ्या माणसासमोर आपण भोगणारे असतो, इथे आपण दुसऱ्या बाजूला बसलेलो असू शकतो आणि ते पटकन दिसत नाही. सिअ‍ॅटल शहरानं 2023 च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला कायद्यानं बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर, ती गोष्ट तिथे राहणाऱ्यांनी सांगून सांगूनच घडली.

जाता जाता, कलीगनं हे तुम्हाला सांगायला नको होतं, त्यांच्याशी गोपनीयतेबद्दल आधी बोला.

आता तुमचा प्रश्न. आडनाव फॉर्मवर होतंच, तरी तोंडी विचारलंत, तर विचारण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात मनात काय होतं ते शोधायचंय. बहुतेक वेळा तिथे एक चौकट भरायची इच्छा असते, हा कोणातला. पुढच्या भारतीय क्लायंटच्या वेळी ती इच्छा उठेल तेव्हा तिला उठू द्या, बघा, आणि प्रश्न विचारू नका. त्याऐवजी पहिल्याच सेशनमध्ये तुम्ही स्वतःहून सांगू शकता, "आपण दोघं भारतीय आहोत म्हणून तुमचं सगळं मला समजतं असं मी धरत नाही. जात, धर्म, रंग, यातलं काहीही इथे बोलता येईल, तुम्हाला वाटेल तेव्हा, आणि माझं काही खटकलं तर ते सांगितलेलं मला हवंय." आणि खरंच खटकलेलं कोणी सांगितलं की पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जे लिहिलंय तेच, पाय जमिनीवर, श्वास बाहेर, स्वतःचं समर्थन करायचं नाही.

त्या मुलाला परत बोलवायला फोनवर फोन करू नका. तुमच्या क्लिनिकच्या नियमात बसत असेल तर एक छोटा मेसेज पुरे, दार उघडं आहे आणि दुसऱ्या कोणा काउन्सेलरकडे जायचं असेल तर नावं देते. जात समजणाऱ्या, शक्य झाल्यास दलित समाजातल्या दोन-तीन थेरपिस्टची नावं त्याआधी शोधून ठेवा, त्यानं विचारलं तर लगेच देता आली पाहिजेत.